दोन वेळांचा रस्ता

नोव्हेंबर लागला की आमच्या बर्मिंगहॅमच्या रस्त्यावरची पिवळ्या कोटातली बाई मला दिसायला लागते. असते ती सप्टेंबरपासूनच. पण सकाळचा उजेड आटला की तिचा कोट लांबूनच डोळ्यांत भरतो. हातात काठी, काठीवर गोल पाटी, पाटीवर 'थांबा'. ती पाटी धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली की डबल डेकरचा ड्रायव्हरसुद्धा मुकाट ब्रेक दाबतो. शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या या बायकांना इथे सगळे लॉलीपॉप लेडी म्हणतात. आता मला शाळेत सोडायला कोणी नाही, मुलगी एडिनबरात नोकरी करते. तरी मी बसस्टॉपवर दोन बस सोडून देते आणि त्या बाईकडे बघत बसते. नवरा म्हणतो, "मेधा, तुझं वय झालं." झालं असेल. त्याचंही काही कमी झालेलं नाही.

ही बाई बिचारी गोरी, बारीक, पंचविशीची. आमच्या जुन्या गावातल्या लॉलीपॉप लेडीसारखं, नोरासारखं, तिच्यात काहीच नाही. नोरा जाडजूड होती, गुडघेदुखीनं किंचित लंगडायची आणि गाडीवाल्यांना नावानिशी दम भरायची. तरीही ओल्या पानांचा तो कुजकट-गोडसर वास आला, फुटपाथवर चेस्टनटच्या तपकिरी बिया पडलेल्या दिसल्या, युद्धात गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या आठवणीची लाल कागदी पॉपीची फुलं लोकांच्या कोटावर उगवली, की चौदा वर्षांपूर्वीचा एक नोव्हेंबर माझ्यासमोर येऊन उभा राहतो. यंदा तर तो नुसता आठवून गेला नाही. यंदा मी तिथे जाऊन आले.

तेव्हा आम्ही उत्तर आयर्लंडमध्ये होतो, बेलफास्टपासून तासाभरावरच्या एका लहान गावात. नवरा, अनिल, तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मी पूर्वी साताऱ्याला शाळेत विज्ञान शिकवायची. तिकडे गेल्यावर नुसतीच डॉक्टरची बायको झाले. प्रोटेस्टंट आणि कॅथलिकांमधला शांतता करार होऊन बरीच वर्षं झाली होती. बाँब थांबले होते, सैनिक आपापल्या घरी गेले होते. फुटपाथच्या कडा मात्र अर्ध्या गावात ब्रिटिश झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत रंगवलेल्या आणि उरलेल्या अर्ध्या गावात दिव्यांच्या खांबांवर आयर्लंडचा झेंडा. पहिले सहा महिने मला वाटत होतं, कसला तरी सण चालू आहे. मग शेजारच्या बाईनं एकदा सांगितलं, की ती एक ठरावीक बेकरी सोडून गावातल्या दुसऱ्या बेकरीत आयुष्यात कधी गेलेली नाही. त्या दुसऱ्या बेकरीतले स्कोन्स जास्त चांगले होते. मी दोन्हीकडून आणायची आणि मनातल्या मनात फुशारायची, की बाई, आपण कशा मोकळ्या.

मुख्य रस्त्याच्या एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला दोन शाळा. शेजारी शेजारी, मध्ये एक झुडपांचं कुंपण. एकीत प्रोटेस्टंट घरातली मुलं, दुसरीत कॅथलिक घरातली. तसा कायदा कुठेच नव्हता, पण तसं होतं. पहिलीचा गणवेश निळा, दुसरीचा हिरवा. आमच्या मुग्धाचं नाव आम्ही निळ्या शाळेत घातलं, कारण तिथे त्या वर्षी जागा होती. निळी शाळा सकाळी नऊला भरायची, हिरवी सव्वानऊला. सुटायच्यासुद्धा तशाच, पंधरा मिनिटांच्या अंतरानं. कोणे एके काळी रस्त्यावर दगडफेक व्हायची, तेव्हा ही वेळ ठरली होती. दगड थांबले, वेळ तशीच राहिली. दोन्हीकडच्या मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई एकच, नोरा. ती म्हणायची, "देवानं मला एका पगारात दोन चर्चचं काम दिलंय."

त्या पंधरा मिनिटांत नोरा काय करायची ते मी रोज पाहायची. तिचा धाकटा भाऊ सैन्यात होता, त्या वाईट दिवसांत मारला गेला. नोव्हेंबरात ती कोटावर पॉपी लावायची. निळ्या शाळेतल्या सगळ्यांच्याच छातीवर ती असायची. शेवटचा निळा गणवेश गेटात शिरला की नोरा काठी बगलेत धरायची, हातमोजा दातांनी ओढून काढायची आणि ते फूल कॉलरच्या आतल्या बाजूला टोचायची. हिरव्या शाळेतल्या कितीतरी घरांना ते फूल बघवत नसे. त्यांच्याही घरातून माणसं गेली होती, आणि मारणाऱ्यांच्या अंगावर त्याच सैन्याचा गणवेश होता. पंधरा मिनिटांनी हिरवी मुलं पलीकडे गेली की फूल परत बाहेर. मी एकदा विचारलं, "नोरा, कंटाळा नाही येत?" तर म्हणाली, "फूल आत असलं म्हणजे भाऊ काही कमी मेलेला नसतो." इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असलं तरी मी मनात तिला कायम 'अहो नोराबाई' म्हणत आले.

नोराच्या दोन नाती होत्या. एली मुग्धाच्या वर्गात, नऊ वर्षांची. ओर्ला सहा वर्षांची. नोराच्या मुलीनं कॅथलिक मुलाशी लग्न केलं होतं आणि दोन्ही घरांनी वर्षभर अबोला धरला होता. मग मुली झाल्या आणि तह झाला, की थोरली निळ्या शाळेत जाईल आणि धाकटी हिरव्या. आपल्याकडे वाटण्यांमध्ये भांडीसुद्धा अशी वाटत नाहीत. आईबाप पहाटेच कामावर जात, त्यामुळे दोघी बहिणी सकाळी एकाच दारातून आजीबरोबर निघायच्या. एली पावणेनऊला रस्ता ओलांडायची. ओर्लाच्या शाळेचं फाटक तेव्हा बंद असे, म्हणून ती रस्त्याच्या अलीकडे खांबाला टेकून उभी राहायची, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला टोस्ट घेऊन. पलीकडे गेलेली एली कुंपणापाशी थांबून तिला हात करायची. घंटा झाली की आत पळायची.

"माझं काही मोठं मागणं नाही," नोरा मला एकदा म्हणाली, "या दोघींना एकदा तरी एकाच वेळी रस्ता ओलांडून द्यायचाय. मग गुडघे गेले तरी चालतील."

त्या सप्टेंबरात तशी वेळ येईल असं वाटायला लागलं. निळ्या शाळेतली मुलं कमी होत चालली होती, शाळा बंद पडायची भीती होती. कोणीतरी विषय काढला, की आपण एकत्रित शाळा होऊ या. दोन्हीकडची मुलं, दोन्हीकडचे शिक्षक, एकच घंटा. नियम असा, की पालकांनी पोस्टानं गुप्त मतदान करायचं. बहुमत मिळालं तर अर्ज वर जाणार. मत फक्त आईबापांना. आज्यांना नाही. जावई ओर्लाला हिरव्या शाळेतून काढून इथे घालायला राजी झाला होता. 'एकत्रित' एवढा एक शब्द पाटीवर हवा, त्याच्या आईची तेवढ्यानं समजूत पटणार होती. म्हणजे नोराचं सगळं त्या मतदानावर होतं आणि तिच्या हातात काही नव्हतं.

हे सारं मी आज जितकं सरळ सांगते आहे तितकं तेव्हा कोणीच बोलत नव्हतं. बेलफास्टमधलं सरकार मधूनमधून बंद पडे. चालू असे तेव्हा दोन्हीकडचे पुढारी 'मुलं हेच उद्याचं भविष्य' म्हणत, एकत्र फोटो काढत आणि आपापल्या शाळांच्या गेटवर आपापली मतं सांभाळून असत. बाहेरून निधी येई, तो खर्च व्हायला हवा म्हणून दर गुरुवारी दुपारी दोन्ही शाळांचा एकत्र कार्यक्रम असे. त्यासाठी दोन वेगळ्या बस यायच्या, मुलांना आठ मैलांवरच्या हॉलमध्ये न्यायच्या, तिथे दोन तास एकत्र खेळ, एकत्र चित्रं. मग परत दोन बसमधून दोन शाळांत. मधल्या कुंपणातून हात घातला असता तर त्यांना एकमेकांचा हात धरता आला असता. मी जन्मानं मास्तरीण, मला हसू आवरत नसे. पण ते हसू फार स्वस्तातलं होतं हे मला मागाहून कळलं.

ऑक्टोबरात शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. फरशीच्या पॉलिशचा आणि दुपारच्या ग्रेव्हीचा वास, आणि बसायला मुलांच्या इवल्या खुर्च्या. सगळ्यांचे गुडघे छातीशी आलेले. कोणी म्हणालं, आमची प्रार्थना बदलेल. कोणी म्हणालं, शाळा बंद पडली तर प्रार्थना करायची कुठे? मग एक उंच माणूस उठला. सावकाश बोलला. "माझ्या भावाला मारणाऱ्यांच्या घरातली मुलं कुठे शिकतात मला माहीत आहे. त्या मुलांचा दोष नाही, हेही मला माहीत आहे. पण रोज सकाळी गेटवर त्यांच्या आईबापाशी हवापाण्याच्या गप्पा मारायला मला लावू नका. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही." तो बसला. मागच्या बाजूला नोरा चहाचे कप भरत होती.

परत येताना मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला त्याचा?"

"कशाला येईल? खरंच बोलला तो. मलाही नाही जमायचं कदाचित," नोरा म्हणाली. "पण मुलींना जमेल ना. त्यांना जमावं म्हणून तर." मग चालता चालता थांबली. "मेधा, तू मत देशील ना गं? तुम्ही बाहेरची माणसं आहात, तुमच्या मनात काही नाही. तुमच्यावरच माझी भिस्त आहे."

"देईन की," मी म्हणाले.

मतपत्रिका आल्या दिवाळीच्या आठवड्यात. दोन पाकिटं, एक अनिलचं, एक माझं. आत परत पाठवायचं पाकीट, तिकीटसुद्धा लावायला नको. मी चकल्या तळत होते. अनिलनं त्याचं पाकीट उघडलं, वाचलं आणि रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं.

"अरे, हे काय?"

"मेधा, हे त्यांचं आहे. आपलं नाही," तो म्हणाला. "माझ्या थिएटरमध्ये दोन्ही साइडचे लोक असतात. सर्जन एका बाजूचा, सिस्टर दुसऱ्या बाजूची. मी तिथे टिकलोय तो कुठल्याच साइडचा नाही म्हणून. आणि बर्मिंगहॅमचा इंटरव्ह्यू झालाय, समरपर्यंत आपण इथून मूव्ह होऊ. मग त्यांचं डिसिजन आपण कशाला घ्यायचं? इट्स नॉट फेअर."

त्याचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. माझ्या मनात जे होतं तेच तो बोलला. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. दर तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवं सरकारी क्वार्टर. त्यांनी कधीही कुठल्या भिंतीत खिळा ठोकू दिला नाही. कालनिर्णय आमच्याकडे रेडिओला टेकवून ठेवलेलं असायचं आणि देवांचे फोटो कपाटात. "भिंत आपली नाही," एवढंच ते म्हणायचे. मी तशीच वाढले. कुठे गेले तरी जागा स्वच्छ ठेवायची, शेजाऱ्यांना फराळ द्यायचा आणि भिंतीला हात लावायचा नाही. यालाच मी चांगुलपणा समजत होते. माझं पाकीट मी फेकलं नाही, स्वयंपाकघरातल्या कपाटात गणपतीच्या फोटोमागे ठेवलं. बघू, म्हटलं.

शेवटची तारीख तीन दिवसांवर असताना सकाळी दाट धुकं होतं. मुग्धा पलीकडे गेली, एली गेली. ओर्ला खांबापाशी टोस्ट खात उभी होती, टोपीवर दव साचलेलं. नोरा पॉपीची टाचणी काढत होती.

"टाकलंस का गं ते?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "कालच."

का म्हणाले? नोराला वाईट वाटू नये म्हणून. आणि अजून तीन दिवस आहेत, घरी जाते, खूण करते, टाकते, म्हणजे खोटंही ठरणार नाही, असा हिशेब केला म्हणून. पोस्टाची लाल पेटी त्याच रस्त्यावर होती, नोराच्या खांबापासून वीस पावलांवर. नोरानं काठी खांबाला टेकवली आणि मला मिठी मारली. तिच्या कोटाला ओल्या लोकरीचा आणि मिंटच्या गोळ्यांचा वास होता. मी घरी आले, फराळाचे डबे भरले, हॉस्पिटलातल्या सगळ्यांकडे पोचवले. तीन दिवस गेले. पाकीट फोटोमागेच राहिलं.

ठराव पडला. अगदी थोड्या मतांनी पडला. त्या आठवड्यात आमच्याकडे शीबा आली होती, केरळची नर्स, तिची मुलगीही निळ्या शाळेत. बोलता बोलता ती म्हणाली, "आम्ही नाही दिलं मत. आपण कोण?" पोलिश जोडप्यानं दिलं नव्हतं. फिलिपिनो सिस्टरनंही नाही. हॉस्पिटलातली आम्ही सगळी बाहेरची घरं, ज्यांच्या मनात काही नव्हतं, ती सगळी आपापल्या जागी सभ्यपणे गप्प बसली होती. आणि आम्ही सगळे मिळून त्या फरकापेक्षा जास्त होतो. त्या उंच माणसानं निदान उठून आपलं दुःख सांगितलं होतं. आमच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि निकाल आम्ही लावला. मला हे पुरतं कळलं तेव्हा मी सिंकपाशी उभी होते. कढई घासत राहिले आणि रडले. शीबाला वाटलं, मघाशी चिरलेल्या कांद्यानं.

नोरा दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी खांबापाशी होती. माझा हात धरून म्हणाली, "जाऊ दे. तू दिलंस ना आमच्यासाठी. परक्या देशातून येऊन दिलंस. एक मत तरी मला पक्कं माहीत आहे, कोणाचं ते." सांगून टाकायची तीच वेळ होती. मी म्हणाले, "थंडी फार आहे आज."

उन्हाळ्यात आम्ही बर्मिंगहॅमला आलो. इथे घर विकत घेतलं, भिंती आपल्या झाल्या. अनिलनं पहिल्याच आठवड्यात चौदा फोटो टांगले. वर्षभरानं कळलं, की निळी शाळा बंद झाली. एलीला गावापलीकडच्या शाळेत बसनं जावं लागे, म्हणजे नोराला तिला रस्ताही ओलांडून देता येईना. पुढे हिरवी शाळा नव्या इमारतीत हलली आणि नोराची नोकरी संपली. दर डिसेंबरात तिचं कार्ड यायचं. आत नातींचा फोटो, वेगवेगळ्या गणवेशांत, आणि खाली तिच्या थरथरत्या अक्षरात, 'आमच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या मेधाला'. दरवर्षी वाटे, यंदा लिहू या. दरवर्षी मी लिहिलं, की मुग्धा मजेत आहे, इथे पाऊस आहे.

या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुग्धाचा फोन आला.

"आई, नोरा गेली. एलीचा मेसेज आला आत्ता. फ्युनरल थर्सडेला आहे. तू जा ना प्लीज, माझा लीव्ह सगळा संपलाय." मग जरा थांबून, "एली म्हणाली, ग्रॅन नेहमी तुझा गोष्ट सांगायची सगळ्यांना. तू वोट दिला होता ना तेव्हा?"

"जाते मी," मी म्हणाले.

ते पाकीट माझ्याकडे अजून आहे. गणपतीबरोबर तेही बर्मिंगहॅमला आलं. जाताना मी ते कोटाच्या खिशात घातलं. ठरवलं होतं, एलीच्या हातात द्यायचं आणि सांगायचं.

नोराचं घर माणसांनी भरलेलं होतं. चहा, सँडविच, कोणी हळू हसतंय, कोणी डोळे पुसतंय. एली उंच झाली आहे, शिक्षिका आहे. ओर्ला वीस वर्षांची. मी ओर्लाला म्हणाले, "तू खांबापाशी टोस्ट खात थांबायचीस, आठवतं?" ती म्हणाली, "आठवतं तर. मला वाटायचं, सगळ्याच धाकट्या बहिणींना थांबावं लागतं." माझा हात खिशात होता. तो बाहेर आला तो रिकामाच.

त्या भागात शवपेटी गाडीत ठेवण्याआधी काही अंतर खांद्यावरून नेतात. थोडी थोडी पावलं चालून माणसं बदलत जातात, घरचे, शेजारचे, ओळखीचे. त्याला ते 'लिफ्ट' म्हणतात. बायकाही देतात. घरातून निघताना पुढे एका बाजूला एली होती आणि दुसऱ्या बाजूला ओर्ला, एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकलेले. रस्त्याशी आल्या. आता तिथे कोणी लॉलीपॉप लेडी नाही. शाळांच्या जागी घरं झाली आहेत. तरी दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, एका ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. शवपेटीवर फुलांच्या शेजारी नोराची पॉपी होती, उघडी. दोघी बहिणींनी एकाच वेळी रस्ता ओलांडला.

पलीकडे, जुन्या खांबाच्या समोर, एलीनं मागे वळून मला पाहिलं. "मेधा आंटी, तुम्ही या. ग्रॅननं सांगून ठेवलंय, मेधाला एक लिफ्ट द्यायची."

आमच्याकडे बायका खांदा देत नाहीत. मला कसं धरायचं तेही माहीत नव्हतं. ओर्लानं माझा हात तिच्या बहिणीच्या खांद्यावर ठेवला, स्वतः बाजूला झाली, आणि नोराचं वजन माझ्या खांद्यावर आलं. पाकीट खिशात कुरकुरत होतं. वीस पावलं चालले. लाल पेटीपाशी दुसऱ्या कोणीतरी माझी जागा घेतली.